शहराची वाढ आणि पाण्याचा ताळेबंद: ‘वीप’ या संगणक प्रणालीचे परीक्षण

शहराचा विकास आराखडा करणारी माणसे आणि पाणीपुरवठा सांभाळणारी माणसे पुष्कळदा एकाच इमारतीत बसतात, तरी त्यांच्या वह्या वेगळ्या असतात. एका वहीत हेक्टर, चटई क्षेत्र आणि घरांची संख्या. दुसरीत धरणाची पातळी, पंपांचे तास आणि दशलक्ष लिटर. पहिल्या वहीतला आकडा दुसरीत जातो तो बहुधा एकाच वाटेने: वीस वर्षांनंतरची अंदाजित लोकसंख्या गुणिले दरडोई पाणी. या गुणाकारात जमीन कुठेच नसते. बंगले बांधा की सहा मजली इमारती, शेत राखा की भूखंड पाडा, उत्तर तेच येते. हा गुणाकार मोडून काढता येतो का, हे पाहण्यासाठी गेली चार वर्षे मी ‘वीप’ ही नदीखोऱ्यातले पाणी कोणाला किती पुरेल याचा हिशेब मांडणारी संगणक प्रणाली वापरत आहे. तो मोडता येतो. मात्र ते काम प्रणाली स्वतःहून करत नाही, आणि हे आधी माहीत नसेल तर तिच्या रंगीत आलेखांनी फसगत होण्याचा संभव आहे.

‘वॉटर इव्हॅल्युएशन अँड प्लॅनिंग’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. तिचे काम १९८८ मध्ये सुरू झाले आणि ‘स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूट’ या संशोधन संस्थेच्या अमेरिकेतील केंद्राने ती विकसित केली. तिचा आरंभीचा एक मोठा वापर मध्य आशियातील अरल समुद्राच्या खोऱ्यासाठी झाला, म्हणजे जिथे कापसाच्या सिंचनासाठी नद्या वळवल्या आणि समुद्र आटत गेला, तिथे. हे मूळ लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण प्रणालीचा स्वभाव त्यातून घडला आहे. नगररचनेच्या नकाशात शहर मध्यभागी असते आणि नदी ही कडेने जाणारी निळी रेघ असते; ‘वीप’मध्ये नदी हा कणा असतो आणि शहर हे तिच्यावर बसलेल्या अनेक मागणीदारांपैकी एक. नियोजनकाराला ही उलथापालथ पहिले काही दिवस खटकते, आणि माझ्या मते ती खटकावीच.

पडद्यावर आधी रेखाचित्र उघडते. नदीची निळी रेघ ओढायची, तिच्यावर धरणाचा हिरवा त्रिकोण ठेवायचा, मागणीच्या ठिकाणी लाल ठिपका द्यायचा, धरणापासून ठिपक्यापर्यंत पुरवठ्याची रेघ ओढायची आणि ठिपक्यापासून नदीकडे सांडपाण्याची परतीची रेघ ओढायची. ही शेवटची रेघ अनेक जण विसरतात. ती विसरली तर शहराने घेतलेले पाणी जणू हवेत विरून जाते आणि खालच्या गावांचे चित्र उगाच भीषण दिसते. प्रत्येक ठिपक्यामागे माहितीचा तक्ता असतो: किती लोक किंवा किती हेक्टर, प्रत्येकी किती पाणी, वर्षाच्या कोणत्या महिन्यात किती, त्यातले किती खर्ची पडते आणि किती परत येते. चालू स्थितीचे एक मूळ वर्ष नोंदवायचे आणि त्यावर हवे तितके सिनॅरिओ, म्हणजे भविष्याची पर्यायी चित्रे, उभे करायचे, अशी एकूण रचना आहे.

प्रणालीचे खरे सामर्थ्य मागणीच्या शाखाविस्तारात आहे. ‘शहर’ असा एकच ठिपका ठेवून त्यात लोकसंख्या टाकता येते, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतात. पण त्याच ठिपक्याखाली घरगुती, व्यापारी, औद्योगिक अशा शाखा फोडता येतात. घरगुतीखाली बैठी घरे आणि सदनिका, त्यांच्याखाली स्वयंपाक, अंघोळ, शौचालय, बाग. आणि शौचालयाखाली जुन्या १३ लिटरच्या टाक्या व नव्या ६ लिटरच्या टाक्या. लोकसंख्येऐवजी हेक्टर किंवा घरांची संख्या हे मोजमाप घेता येते. एकदा हा फोड केला की विकास आराखड्यातला जमीन वापराचा तक्ता जवळजवळ जसाच्या तसा प्रणालीत उतरतो, आणि मग आराखड्यातला रंग बदलला की धरणातली पातळी बदलते.

याचे एक उदाहरण सविस्तर मांडतो. आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण तर्क कुठल्याही वाढत्या शहराला लागू पडणारा आहे. शहराची जुनी वस्ती कोरड्या महिन्यात रोज ४० दशलक्ष लिटर पाणी वापरते. शहराच्या कडेला ४०० हेक्टर बागायत शेती आहे आणि तिथे ८,००० घरे वसवायची आहेत. पहिला पर्याय असा, की हेक्टरी २० बैठी घरे बांधून पूर्ण ४०० हेक्टर व्यापायचे. दुसरा असा, की हेक्टरी ८० सदनिका बांधून १०० हेक्टरमध्ये काम भागवायचे आणि उरलेल्या ३०० हेक्टरवर शेती चालू ठेवायची. घरात सरासरी चार माणसे आणि घरातील वापर माणशी ११० लिटर धरला, तर दोन्ही पर्यायांत ३.५२ दशलक्ष लिटर लागतात. दरडोई गुणाकाराची वही इथे बंद होते आणि दोन्ही पर्याय सारखेच ठरतात.

आता बाग मोजू. बैठ्या घरामागे १५० चौरस मीटर हिरवळ आणि कोरड्या महिन्यात तिला रोज ४ मिलिमीटर पाणी, म्हणजे घरटी ६०० लिटर; ८,००० घरांचे ४.८ दशलक्ष लिटर. घरातल्या सगळ्या वापरापेक्षा बागच अधिक पिते. सदनिकेच्या वाट्याला १५ चौरस मीटर बाग धरली तर तोच आकडा ०.४८ वर येतो. म्हणजे पहिल्या पर्यायाची मागणी ८.३२ आणि दुसऱ्याची ४.००, दुपटीहून जास्त फरक. शिवाय घरातल्या वापराचा मोठा भाग सांडपाणी होऊन परत येतो, शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. बागेचे पाणी बहुतांशी हवेत जाते. दाट वस्तीच्या बाजूने बोलणारी माणसे हिशेब इथेच थांबवतात, आणि मीही काही काळ थांबवत असे.

पण प्रणालीत शेतीचा ठिपकाही आहे, आणि तो गप्प बसत नाही. त्याच ४ मिलिमीटरने एका हेक्टरला रोज ४० घनमीटर लागतात, म्हणून ३०० हेक्टरला १२ दशलक्ष लिटर. दाट वस्तीच्या पर्यायात एकूण मागणी ४० अधिक ४ अधिक १२, म्हणजे ५६. पसरट वस्तीच्या पर्यायात ४० अधिक ८.३२, म्हणजे ४८.३२. ज्याला आपण उधळा म्हणत होतो तो पर्याय नेहमीच्या वर्षात कमी पाणी मागतो! हा केवळ कागदावरचा चमत्कार नव्हे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फीनिक्सच्या भोवती सिंचनाची शेते जाऊन घरे आली, तेव्हा हेक्टरी पाणीवापर वाढण्याऐवजी कमी झाल्याचे पुष्कळ ठिकाणी दिसले, आणि ‘घरे बांधा, पाणी वाचेल’ हा युक्तिवाद तिथे गंभीरपणे केला जातो.

पुढची पायरी म्हणजे दुष्काळाचे वर्ष, आणि ‘वीप’ने किंमत वसूल करून दिली ती इथे. कोरड्या महिन्यात स्रोतातून नेहमी ६० दशलक्ष लिटर मिळत असतील, तर दोन्ही पर्याय सुखाने चालतात. स्रोत ४५ वर आला की दाट वस्तीच्या पर्यायात शहराचे ४४ पूर्ण भागतात आणि शेतीला १२ पैकी फक्त १ मिळतो. पसरट वस्तीच्या पर्यायात ४८.३२ ची मागणी असताना ४५ मिळतात, म्हणजे नळांनाच ९३ टक्क्यांच्या आसपास पुरवठा होतो. शेतीची मागणी एका हंगामासाठी थांबवता येते, घरांची थांबवता येत नाही. शेत बुजवून घरे बांधताना शहर दुष्काळाचा धक्का झेलणारी स्वतःची गादी काढून टाकत असते, आणि सरासरी वर्षाच्या ताळेबंदात ही गादी कुठेच दिसत नाही. अर्थात, ज्या शेतकऱ्याचे ११ दशलक्ष लिटर गेले त्याची भरपाई कोणी, कोणत्या कराराने आणि पेरणीच्या आधी की नंतर द्यायची, हा प्रश्न पडद्यावर फक्त न भागलेल्या मागणीच्या लाल स्तंभाच्या रूपाने उभा राहतो. खर्च आणि लाभ नोंदवण्याची सोय प्रणालीत आहे. करार करण्याची अर्थातच नाही. सिंचनाच्या पाण्यातून जमिनीत मुरणारा भाग मी या उदाहरणात सोडला आहे. विहिरींवर चालणाऱ्या शहरात तो सोडून चालणार नाही.

हे सगळे ज्या यंत्रणेवर चालते ती थोडी समजून घ्यावी. प्रत्येक मागणीला १ ते ९९ यांपैकी प्राधान्यक्रम द्यावा लागतो. १ म्हणजे सर्वांत आधी. प्रणाली प्रत्येक महिन्याला आधी पहिल्या क्रमांकाची मागणी भागवते, उरलेले पाणी दुसऱ्याला देते. एकाच क्रमांकाच्या मागणीदारांना टंचाईत सारखी टक्केवारी मिळते. जुन्या शहराला आणि नव्या वसाहतीला दोघांनाही १ दिला, तर नव्या वसाहतीचे पाणी जुन्या शहराच्या नळातून जाते. नव्या वसाहतीला २ दिला, तर तिथे घर घेणाऱ्या माणसाला दुष्काळात दुय्यम नागरिक व्हावे लागते. हा क्रमांक नियोजनकार एका सेकंदात टाइप करतो. मी पाहिलेल्या बहुतेक प्रतिमानांत, म्हणजे प्रणालीत केलेल्या शहरांच्या मांडणीत, तो कोणी ठरवला याची नोंद नसते. प्रणालीत टिपणांसाठी स्वतंत्र खिडकी दिलेली आहे, आणि किमान या एका आकड्यासाठी तरी ती भरावी.

धरणालाही असाच प्राधान्यक्रम असतो आणि तो मुळात ९९ असतो, म्हणजे सगळ्यांच्या मागण्या भागल्यावर उरेल ते साठवायचे. तो तसाच राहू दिला तर प्रतिमानातले धरण पहिल्या कमी पावसाच्या वर्षी निर्धास्तपणे रिकामे केले जाते आणि दुसऱ्या वर्षी सगळेच कोलमडते. प्रत्यक्षात कोणतेही शहर असे वागत नाही. पातळी खाली येऊ लागली की कपात सुरू होते. त्यासाठी धरणाच्या साठ्यात राखीव थर आखून त्यातले दरमहा किती पाणी काढायचे याचा गुणांक देता येतो. ही सोय वापरली नाही तर एकाच वर्षाचा दुष्काळ वाजवीपेक्षा सौम्य आणि सलग तीन वर्षांचा वाजवीपेक्षा भयंकर दिसतो.

माझी एक चूक इथे नोंदवतो, कारण ती प्रणालीची नसून पूर्णपणे माझी होती आणि सहज होण्यासारखी आहे. दरडोई वापराचा आकडा मी शुद्धीकरण केंद्रातील मीटरवरून काढला होता, म्हणजे त्यात जलवाहिन्यांतली गळती आधीच धरलेली होती. नंतर गळतीच्या रकान्यात मी पुन्हा २५ टक्के लिहिले. प्रणाली मागणीला ०.७५ ने भागते, त्यामुळे ४० चे ५३.३ झाले आणि पंधरा वर्षांनी येणारी टंचाई पाचव्याच वर्षी दिसू लागली. मला संशय आला तो भविष्यामुळे नव्हे, भूतकाळामुळे: ज्या वर्षी एकही दिवस नळ कोरडे पडले नव्हते, त्या वर्षीही प्रतिमान न भागलेली मागणी दाखवत होते. तेव्हापासून झालेली दहा वर्षे आधी चालवून पाहिल्याशिवाय मी पुढच्या वर्षांना हात लावत नाही.

भविष्यकाळ लिहिण्याची सोय फारच सोपी आहे, आणि हाच तिचा धोका. रकान्यात वाढीचा दर ३ टक्के असा लिहिला की पंचवीस वर्षांत लोकसंख्या २.०९ पट होते. २ टक्के लिहिला तर १.६४ पट, ४ लिहिला तर २.६७ पट. एका अंकाच्या फरकावर एक अख्खे धरण उभे राहते किंवा रद्द होते. त्यातून दरडोई वापर स्थिर राहील असे गृहीत धरणे ही तर जुनी सवय. लॉस एंजेलिस शहरात १९७० नंतर जवळपास दहा लाख माणसे वाढली, तरी शहराचा एकूण पाणीवापर वाढलेला नाही. कमी पाण्याच्या टाक्या, मीटर, दर आणि हिरवळीवरचे निर्बंध यांनी वाढ गिळून टाकली. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनमध्ये २०१८ च्या फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि शहराचा वापर तीन वर्षांपूर्वीच्या निम्म्यावर आला. शहरभरचे नळ बंद होण्याचा तो बहुचर्चित ‘शून्य दिवस’ उगवला नाही. मात्र जे शहर आधीच काटकसरीने वागते, त्याला दुष्काळात आणखी पिळून काढायला फारसे उरत नाही, हेही ‘वीप’मध्ये मांडून पाहता येते: बचतीची टक्केवारी आधीच वाढवलेल्या सिनॅरिओत दुष्काळातली कपात छोटी ठेवावी लागते. ती पूर्वीइतकीच ठेवली तर एकच बचत दोनदा मोजली जाते.

आता उणिवांकडे. सर्वांत मोठी उणीव अशी, की या प्रणालीत शहर पाण्याला उत्तर देत नाही. पाणलोट क्षेत्रातील जमीन वापराचे वर्ग आणि त्यांचे क्षेत्रफळ देता येते, त्यानुसार पाऊस वाहून किती जाईल आणि मुरेल किती याचा हिशेबही होतो; शेताचे काँक्रीट झाले की भूजलभरण घटलेले दिसते, आणि ‘मॉडफ्लो’ या भूजल प्रतिमानाशी तिची सांगड घालता येते. पण कोणते शेत कधी वस्तीत बदलेल हे आपणच लिहायचे. विहिरी आटल्या म्हणून वस्तीचा वेग मंदावला, नवी जलवाहिनी टाकली म्हणून तिच्या दोन्ही अंगांना भूखंड पडले, असे घडत नाही. प्रत्यक्षात जलवाहिनी ही वाढीच्या मागे जात नाही, पुष्कळदा वाढच तिच्या मागे जाते. ही उलटी दिशा पकडण्यासाठी जमीन वापराचे वेगळे प्रतिमान लागते आणि दोन्हींमध्ये दर पाच वर्षांच्या टप्प्याला आकड्यांची देवघेव हाताने करावी लागते. मी ती करतो. ती कंटाळवाणी आहे.

या उणिवेमुळेच कायद्याचे महत्त्व कळते. ॲरिझोनाने १९८० च्या भूजल कायद्याने फीनिक्ससारख्या क्षेत्रांत नवीन वसाहतीसाठी १०० वर्षांचे पाणी दाखवण्याची अट आणली. कॅलिफोर्नियाने २००१ च्या कायद्यांनी ५०० हून अधिक घरांच्या प्रकल्पांसाठी २० वर्षांच्या पुरवठ्याचा पुरावा मागायला सुरुवात केली, आणि तोही नेहमीच्या, एका कोरड्या आणि सलग अनेक कोरड्या वर्षांत टिकणारा. २०२३ च्या जूनमध्ये ॲरिझोनाच्या भूजल प्रतिमानाने फीनिक्स परिसरात १०० वर्षांत सुमारे ४ टक्के मागणी भागणार नाही असे दाखवले आणि केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना प्रमाणपत्रे देणे थांबले. ४ टक्के हा आकडा छोटा वाटतो, पण तिथे त्याला परवानगीची कात्री जोडलेली होती. ‘वीप’मधला न भागलेल्या मागणीचा स्तंभ अशा कात्रीला जोडलेला नसेल, तर तो अहवालातले एक चित्र बनून राहतो. हा दोष प्रणालीचा म्हणता येणार नाही, पण ती विकत घेणाऱ्याने हे जाणून असावे.

दुसरी उणीव काळाच्या मापाची. प्रणाली सामान्यतः महिन्याच्या पावलाने चालते. महिन्याची सरासरी भागली म्हणजे उन्हाळ्यातल्या एका सकाळी टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढले, असे होत नाही. पाऊल दिवसाचे करता येते, पण वाहिन्यांतला दाब हा तिचा विषयच नाही; त्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘एपानेट’ आहे, आणि ते मोफत मिळते. दाट वस्तीचा पर्याय निवडताना हे दुसरे काम टाळू नये, कारण १०० हेक्टरमध्ये ३२,००० माणसे बसवली की एकूण पाणी कमी लागले तरी जुन्या वाहिनीवरचा सकाळचा ताण वाढतो.

शिकायला प्रणाली अवघड नाही. तिच्यासोबत ‘वीपिंग रिव्हर’ नावाच्या काल्पनिक नदीखोऱ्याचे तयार उदाहरण येते (नावातला श्लेष पहिल्या दिवशी गमतीदार वाटतो, तिसऱ्या दिवशी सार्थ), आणि त्यावर दोन दिवस घालवले की रेखाचित्र, तक्ते आणि निकाल यांची ओळख होते. माहिती गोळा करायला मात्र महिने लागतात, आणि त्यातले बहुतेक घरटी मीटरच्या नोंदींच्या मागे जातात. विकसनशील देशांतील सरकारी, शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना परवाना विनामूल्य मिळतो. इतरांना शुल्क पडते. परवान्याशिवाय सर्व काही चालवून पाहता येते, फक्त केलेले काम साठवता येत नाही. ती ‘विंडोज’वर चालते.

कोणाला घ्यावी? ज्या शहराचे पाणी एका नदीवर किंवा एकाच भूजलसाठ्यावर शेती आणि उद्योगांसह वाटून घ्यावे लागते, त्याच्या नियोजन विभागाने जरूर घ्यावी, आणि पाणीपुरवठा विभागातला एक माणूस व एकच संगणक सामाईक ठेवावा. ज्या छोट्या शहराकडे एक धरण, एक वाहिनी आणि स्पर्धक मागणीदार कोणीच नाहीत, त्याचे काम साध्या स्प्रेडशीटवर भागेल. नव्याने सुरुवात करणाऱ्याने विनापरवाना आवृत्तीत तीनच ठिपके मांडावेत: जुने शहर, नवी वसाहत आणि शेजारची शेती. त्यांचे प्राधान्यक्रम आलटून पालटून सलग तीन कोरडी वर्षे चालवावीत, आणि तिसऱ्या वर्षीच्या सर्वांत कोरड्या महिन्याचा तक्ता छापून आराखड्याच्या बैठकीत न्यावा. काम साठवले जात नसल्याने छपाई मात्र प्रणाली बंद करण्याआधी करावी.